विश्लेषण : कॅम्पसला स्वतंत्र वीज उपकेंद्र कधी लागते? नंदुरबारसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

नवे महाविद्यालय किंवा विद्यापीठाचे संकुल जाहीर झाले की चर्चा होते ती इमारतींची, प्रवेशक्षमतेची आणि पदभरतीची. वीज कुठून येणार, किती लागणार आणि ती खंडित झाली तर काय, हे प्रश्न बहुतेक वेळा भिंती उभ्या राहिल्यावर पुढे येतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा उशीर महागात पडू शकतो. वीज उपकेंद्राचे नियोजन कसे होते, त्यात कोणते निर्णय आधी घ्यावे लागतात आणि कोणते नंतर घेतले तरी चालतात, याचा हा आढावा.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न आताच का?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी, आणि साक्षरतेत राज्यात सर्वांत मागे. अशा जिल्ह्यात उच्च शिक्षणाच्या सोयी आता वाढत आहेत. २०२०-२१ पासून येथे १०० प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची आदिवासी अकादमीही नंदुरबारला आहे.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला रोज ये-जा करणे शक्य नसते. त्यामुळे येथील कोणत्याही मोठ्या संकुलाचा पाया वसतिगृह हाच असतो. वसतिगृह म्हटले की पाण्याचे पंप, स्वयंपाकघर, पंखे, रात्रीची अभ्यासिका असा चोवीस तासांचा वीजवापर आला. सायंकाळी सहानंतर कुलूप लागणाऱ्या महाविद्यालयाची विजेची गरज आणि निवासी संकुलाची गरज यांत मोठा फरक असतो.

रुग्णालय जोडलेले असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. करोनाकाळात नंदुरबारचे नाव देशभर पोहोचले ते हवेतून प्राणवायू वेगळा करणाऱ्या प्रकल्पांमुळे. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कार्यकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, असा पहिला प्रकल्प बसला. दुसऱ्या लाटेत अनेक ठिकाणी टँकरची वाट पाहिली जात असताना या तयारीचा उपयोग झाला. पण हे प्रकल्प कॉम्प्रेसरवर चालतात आणि कॉम्प्रेसर विजेवर. वीज गेली आणि पर्यायी सोय नसली, तर निर्मिती त्याच क्षणी थांबते.

उपकेंद्र म्हणजे नेमके काय?

वीज लांबवर न्यायची तर दाब जास्त ठेवावा लागतो आणि वापरायची तर कमी करावा लागतो. महापारेषणच्या २२० किंवा १३२ केव्ही उपकेंद्रातून वीज ३३ केव्हीवर उतरते. तेथून महावितरणच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात येऊन ती ११ केव्ही होते. त्यानंतर रस्त्याकडेच्या रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, ४३३ व्होल्टवर उतरून घरात पोहोचते. एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट.

मोठ्या संकुलाला यातला एखादा टप्पा स्वतःच्या आवारात उभारावा लागतो. तेथे रोहित्रांखेरीज सर्किट ब्रेकर, बिघाड ओळखणारे रिले, मीटर, वीज पडण्यापासून संरक्षण देणारी साधने, अर्थिंगची जमिनीखालची जाळी आणि बॅटरीसंच असतो.

यातला बॅटरीसंच सर्वांत दुर्लक्षित. बाहेरची वीज असो वा नसो, बिघाड झाल्यावर ब्रेकर उघडण्याची आज्ञा याच बॅटरीच्या जोरावर दिली जाते. बॅटरी मेलेली असेल तर रिलेला बिघाड कळूनही वीज तोडता येत नाही, आणि लाखो रुपयांचे रोहित्र जळू शकते.

गावातल्या वाहिनीवरूनच जोडणी घेतली तर काय बिघडते?

मोठे संकुल सहसा शहराबाहेर, जमीन मिळेल तेथे होते. तेथून जाणारी ११ केव्ही वाहिनी बहुधा शेतीपंपांसाठी किंवा गावठाणासाठी टाकलेली असते. शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज वेळापत्रकानुसार दिवसा किंवा रात्री ठरावीक तासच मिळते. गावठाणाची वाहिनी चोवीस तासांची असली तरी लांब असते, तिला असंख्य फाटे असतात. दहा किलोमीटरवर फांदी पडली तरी संपूर्ण वाहिनी बंद होते.

म्हणून मोठे ग्राहक ‘एक्स्प्रेस फीडर’ मागतात. म्हणजे महावितरणच्या उपकेंद्रातून निघून मध्ये कुणालाही जोडणी न देता थेट संकुलात येणारी वाहिनी. खर्च जास्त, पण बिघाडाची शक्यता कमी.

विजेची गरज मोजतात कशी?

उपकेंद्राचे नियोजन इथून सुरू होते. उदाहरणापुरते एक संकुल घेऊ : दोन हजार विद्यार्थी, त्यांपैकी एक हजार वसतिगृहात. सर्व उपकरणांची क्षमता जोडली की येतो तो जोडभार. तो साधारण असा धरू :

• वर्गखोल्या, कार्यालये, ग्रंथालय : ६०० किलोवॅट
• प्रयोगशाळा, संगणक कक्ष, सर्व्हर : ७०० किलोवॅट
• वसतिगृहे आणि भोजनगृह : ८०० किलोवॅट
• वातानुकूलन : ५०० किलोवॅट
• कर्मचारी निवासस्थाने : ४०० किलोवॅट
• पाणीपंप, सांडपाणी प्रक्रिया, पथदिवे : २५० किलोवॅट
• ई-वाहन चार्जिंग व इतर : १५० किलोवॅट

बेरीज ३,४०० किलोवॅट. पण सगळी उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. वर्ग भरलेले असतात तेव्हा वसतिगृह रिकामे असते. पहाटे गिझर चालू असतात तेव्हा प्रयोगशाळा बंद असते. त्यामुळे प्रत्यक्षातली कमाल मागणी निम्म्याच्या आसपास, म्हणजे १,७०० किलोवॅट धरली, आणि पॉवर फॅक्टर ०.९५ मानला, तर ती सुमारे १,७९० केव्हीए होते.

आता पुढचा प्रश्न : दहा वर्षांनी? मागणी वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांत ती जवळपास १.८ पट होते, म्हणजे सुमारे ३,२०० केव्हीए. नवे अभ्यासक्रम, नवी वसतिगृहे, वाढता उन्हाळा आणि त्याबरोबर येणारी वातानुकूलन यंत्रे पाहता ही वाढ अवास्तव म्हणता येणार नाही.

अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. कमी धरला तर पाच वर्षांत रोहित्र अपुरे पडते. फार जास्त धरला तर मोठे रोहित्र वर्षानुवर्षे जवळपास रिकामे चालते. रोहित्र नुसते चालू ठेवले तरी त्यात थोडी वीज खर्च होतच असते, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही. शिवाय मागणीच्या आधारे लागणारा स्थिर आकार दर महिन्याच्या बिलात येत राहतो.

मग ११ केव्ही पुरेल की ३३ केव्ही हवे?

प्रत्येक संकुलाला ३३ केव्ही उपकेंद्र लागतेच असे नाही. वरच्या उदाहरणातली सुरुवातीची मागणी ११ केव्हीवरही भागू शकते. निर्णय ठरतो तो अंतरावर.

महावितरणचे उपकेंद्र दहा किलोमीटरवर आहे आणि प्रतिकिलोमीटर अर्ध्या ओहमहून थोडा जास्त रोध असलेली नेहमीची तार वापरली आहे, असे समजू. १,७९० केव्हीए वीज ११ केव्हीवर आणली तर तारेतून सुमारे ९४ अँपिअर प्रवाह वाहतो. कमाल मागणीच्या वेळी जवळपास १४० किलोवॅट वीज तारा तापवण्यातच जाते आणि संकुलात पोहोचेपर्यंत दाब ९ टक्क्यांच्या आसपास घसरतो. दिवे मंद होणे, पंपाची मोटर तापणे, प्रयोगशाळेतली यंत्रे आपोआप बंद होणे हे सारे त्यातूनच येते.

तीच वीज ३३ केव्हीवर आणली तर प्रवाह एक-तृतीयांश होतो, ३१ अँपिअरच्या आसपास. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती नऊपटीने कमी होऊन सुमारे १६ किलोवॅटवर येते. दाबातली घसरण उरते एक टक्क्याच्या जवळपास.

उपकेंद्र दोन किलोमीटरवर असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही आणि ११ केव्ही पुरेशी ठरते. म्हणजे ‘३३ केव्ही उपकेंद्र मंजूर’ ही बातमी वाचताना आधी विचारायला हवे ते अंतर आणि दहा वर्षांनंतरची मागणी.

संकुलाच्या आतही वीज न्यावी लागते का?

हो, आणि इथेच अनेक आराखडे फसतात. विद्यापीठाचे जळगावजवळचे मुख्य संकुल सुमारे ६५० एकरांचे आहे. ते चौरस धरले तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर दीड किलोमीटरहून अधिक भरते. इतक्या लांब ४३३ व्होल्टवर वीज नेणे परवडत नाही. आपल्या उदाहरणातली मागणी त्या दाबावर एकाच ठिकाणाहून द्यायची झाली तर प्रवाह २,४०० अँपिअरच्या घरात जातो.

म्हणून मोठ्या संकुलात ११ केव्हीची भूमिगत केबल फिरवून जागोजागी छोटी रोहित्रे बसवतात. केबल कड्यासारखी दोन्ही बाजूंनी जोडली तर त्याला ‘रिंग’ म्हणतात. एका ठिकाणी केबल तुटली, आणि बांधकाम चालू असलेल्या आवारात जेसीबीने ती तुटणे नेहमीचेच, तर तो तुकडा वेगळा करून दुसऱ्या बाजूने वीज देता येते.

दोन रोहित्रे का, एकच मोठे का नाही?

वरच्या उदाहरणात ५ एमव्हीएचे एक रोहित्र बसवले तर कागदावर मागणी भागते. पण ते जळाले तर दुरुस्त होऊन किंवा बदलून येईपर्यंत संपूर्ण संकुल अंधारात. त्याऐवजी ३.१५ एमव्हीएची दोन रोहित्रे बसवली तर एक बंद पडल्यावरही दुसऱ्यावर जवळजवळ सगळा भार चालतो. दहाव्या वर्षी भर उन्हाळ्यात ऐन गर्दीच्या वेळी काही वातानुकूलन यंत्रे बंद ठेवावी लागतील, एवढेच.

हाच नियम येणाऱ्या वाहिनीला लागू होतो. दोन वाहिन्या घेतल्या आणि दोन्ही एकाच खांबांवरून, एकाच उपकेंद्रातून आल्या, तर वादळात दोन्ही एकदमच जातात. पर्यायी वाहिनी शक्यतो वेगळ्या उपकेंद्रातून आणि वेगळ्या मार्गाने यायला हवी. रुग्णालय असलेल्या संकुलात तर हा मुद्दा टाळता येत नाही.

जागेचा निर्णय इतका महत्त्वाचा का?

रोहित्र नंतर आणता येते, ब्रेकर वाढवता येतो. पण इमारती, रस्ते, मैदान आखून झाल्यावर उपकेंद्रासाठी योग्य जागा सापडत नाही. मग ते उरलेल्या कोपऱ्यात जाते. हा कोपरा बहुधा नाल्याकाठचा किंवा वसतिगृहाच्या खिडकीला लागून असतो.

चांगली जागा म्हणजे जेथे वापर जास्त आहे त्याच्या जवळची, पावसाचे पाणी न साचणारी, कित्येक टनांचे रोहित्र घेऊन ट्रेलर आत येऊ शकेल अशी. रोहित्रात मोठ्या प्रमाणात तेल असते. ते गळाले तर साठवणारा खड्डा, आग लागली तर ती पसरू न देणारी भिंत आणि अग्निशमन बंबाला रस्ता या गोष्टींना जागा लागतेच. रोहित्राची संथ गुणगुण रात्री लांबवर ऐकू येते, त्यामुळे वसतिगृहे दूर असलेली बरी.

येणाऱ्या वाहिनीचा मार्गही आधीच राखावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ३३ केव्हीची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान २ मीटर आणि छतावरून जात असेल तर उभी किमान ३.७ मीटर दूर हवी. आज एकमजली इमारत नियमात बसते. उद्या तिच्यावर दुसरा मजला चढला की तीच तार धोकादायक होते.

अर्थिंगसाठी जमिनीची तपासणीही महत्त्वाची. तापीकाठची काळी माती ओलावा धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम आणि खडक वीज जमिनीत सहज मुरू देत नाहीत. पावसाळ्यात मोजलेला अर्थिंगचा रोध समाधानकारक दिसला म्हणून मे महिन्यातही तो तसाच राहील असे नाही. मोजणी कोरड्या दिवसांत व्हायला हवी.

वनजमीन आणि ग्रामसभेचा संबंध कुठे येतो?

नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात वनजमीन बरीच. वाहिनी तेथून जाणार असेल तर परवानग्यांचा वेळ नियोजनात धरावा लागतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाने, वीजवाहिन्या अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते.

विजेसाठी जमीन देणे हा विषय या जिल्ह्यात नाजूक आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्या प्रकल्पाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. नर्मदाकाठच्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा, शहादा परिसरात झाले. त्यामुळे खांब कुठे येणार, झाडे किती जाणार आणि त्या वाहिनीचा गावाला काय उपयोग, हे ग्रामसभेत आधी मोकळेपणाने सांगणे हाच कमी वेळाचा मार्ग ठरतो.

छतावर सौर पॅनेल आणि जनरेटर असल्यावर उपकेंद्र कशाला?

सौर ऊर्जेमुळे बिल कमी होते, पण ग्रीडला जोडलेले नेहमीचे सौर संच वीज जाताच आपोआप बंद पडतात. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. वीज नसतानाही सौर ऊर्जा वापरायची तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो. शिवाय वसतिगृहाची मोठी मागणी सूर्य मावळल्यावरची असते.

डिझेल जनरेटर अत्यावश्यक भारासाठी हवाच. पण एक लिटर डिझेलमागे साधारण साडेतीन युनिट वीज मिळते. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे २५ रुपयांच्या वर जातो. शस्त्रक्रियागृह, प्राणवायू, लसींचे शीतकपाट, सर्व्हर आणि पाण्याचा एक पंप एवढ्यांसाठी तो परवडतो, संपूर्ण संकुलासाठी नाही. म्हणून अत्यावश्यक भाराची वायरिंग पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी लागते. नंतर ती वेगळी करणे म्हणजे भिंती फोडणे.

खर्च आणि जबाबदारी कोणाची?

संस्था महावितरणकडे मागणीचा अर्ज करते. महावितरण तांत्रिक व्यवहार्यता तपासून अंदाजपत्रक देते. नंदुरबार हे महावितरणच्या जळगाव परिमंडळात येते. स्वतंत्र वाहिनी हवी असेल तर तिचा खर्च सहसा ग्राहकाने करायचा असतो. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेतल्यास महावितरण देखरेख शुल्क घेते. उच्चदाब यंत्रणा सुरू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाची मंजुरी बंधनकारक आहे.

वीज सुरू झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. मीटरच्या आतल्या बाजूची यंत्रणा संस्थेची, म्हणजे देखभालही संस्थेची. रोहित्राच्या तेलाची तपासणी, अर्थिंगची मोजणी, बॅटरीची निगा, रिलेची चाचणी यांसाठी परवानाधारक माणूस आणि दरवर्षीची तरतूद लागते. राज्यात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येते. त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बंद पडले तर त्याचा भुर्दंड थेट बिलात दिसतो.

आराखडा मंजूर होण्याआधी काय विचारावे?

व्यवस्थापन परिषदेचे सदस्य, लोकप्रतिनिधी, प्राध्यापक, विद्यार्थी संघटना आणि पालक यांनी पाच प्रश्न विचारले तरी पुष्कळ गोष्टी वेळेत मार्गी लागतील :

• आजची आणि दहा वर्षांनंतरची कमाल मागणी किती धरली आहे?
• सर्वांत जवळचे उपकेंद्र किती किलोमीटरवर आहे आणि त्यात क्षमता शिल्लक आहे का?
• एक रोहित्र किंवा एक वाहिनी बंद पडली तर काय चालू राहील?
• नकाशावर उपकेंद्राची आणि वाढीव रोहित्राची जागा राखून ठेवली आहे का?
• देखभालीसाठी पद आणि वार्षिक तरतूद मंजूर आहे का?

निधी टप्प्याटप्प्याने येत असेल तर उभारणीही टप्प्याटप्प्याने करता येते. सुरुवातीला ११ केव्हीची जोडणी, एक रिंग आणि अत्यावश्यक भाराची वेगळी वायरिंग पुरते. मागणी वाढल्यावर ३३ केव्ही वाहिनी आणि मोठी रोहित्रे येऊ शकतात. मात्र त्यासाठीची जागा आणि वाहिनीचा मार्ग पहिल्याच नकाशात राखून ठेवलेला हवा. त्याला आज फारसे पैसे लागत नाहीत. दहा वर्षांनी तीच जागा मिळवायची तर उभी इमारत पाडावी लागते.